कॉम्प्रेसरशेजारचा अभ्यास

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी कुणी पूर्ण जागं असतं, यावर माझा विश्वास नाही. डोळे उघडे असतात, इतकंच. क्वांटम कॉम्प्युटिंग म्हणून मला जे काही येतं ते मी अशाच गुंगीत शिकले, तेही बर्फाच्या कारखान्यात, गोणपाटावर मांडी घालून.

माझे वडील तिथे मशीन ऑपरेटर. मूळचे मंद्रूपकडचे. शेती भावांवर सोपवून शहरात आले आणि कॉम्प्रेसरच्या खोलीत शिरले ते तिथलेच झाले. त्या धडधडीनं त्यांचे कान गेले. अगदी ठार बहिरे नव्हते, पण पाठीमागून हाक मारली तर पत्ता नसायचा. मालकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझी बारावी झाली त्या उन्हाळ्यात अप्पा म्हणाले, दुपारची येऊन बसत जा, मशीनचा आवाज बदलला की मला सांगायचं. मला असा राग आला म्हणता! मैत्रिणी नवी पेठेत भटकणार आणि मी मशीनची राखण करणार. पण त्यांच्या नोकरीचा प्रश्न होता. तोंड फुगवून गेले.

गेले, आणि मग तिथून उठवेना. बाहेर डांबर मऊ झालेलं, आणि आत लाकडी फळ्यांखाली मिठाच्या थंडगार पाण्यात पत्र्याचे उंच डबे बुडालेले. डब्यातून बर्फाची लादी निसटून बाहेर आली की तिच्याभोवती पांढरा धूर व्हायचा आणि पलीकडे उभा असलेला माणूस पाण्याखाली असल्यासारखा दिसायचा. लादी कडेनं काचेसारखी नितळ आणि मधोमध पांढरट असायची. पुस्तक मिटून मी त्या पांढऱ्याकडे बघत बसायचे. मधूनच आवाज बदलायचा. मी धावत जाऊन अप्पांच्या खांद्याला हात लावायचे. ते एका हातानं पाइप धरून उभेच असायचे. मान हलवायचे आणि वाल्व फिरवायचे.

एम.एस्सी.ला आल्यावर आमच्या मॅडमनी वर्गात एक फोटो दाखवला. छताला टांगलेलं सोनेरी झुंबर वाटावं असं काहीतरी. त्याच्या तळाशी क्वांटम कॉम्प्युटरची चिप असते, म्हणाल्या, आणि ती अवकाशापेक्षाही गार ठेवावी लागते. आपला कॉम्प्युटर शून्य तरी म्हणतो नाहीतर एक. इथे शून्य आणि एक दोन्ही मिसळलेले राहू शकतात, पण जराशी ऊब लागली की ते सगळं मोडतं. वर्ग पेंगत होता. माझ्या अंगावर मात्र काटा आला. इतकी वर्षं मी गारव्यात बसत होते आणि गारवा कशाकशाला लागतो हे मला माहीतच नव्हतं.

तेव्हापासून कारखान्यातल्या दुपारी त्यातच जायला लागल्या. ऑनलाइन कोर्स फुकट होते. छोटंसं सर्किट बनवून मोबाईलवरून परदेशातल्या खऱ्याखुऱ्या मशीनकडे पाठवता यायचं. तिथेही रांग! नंबर लागेपर्यंत माझा डोळा लागायचा आणि मी डब्याबरोबर खाली खाली जायचे. मिठाच्या पाण्याखाली आणखी गार काही असायचं, त्याच्याखाली त्याहून गार, आणि तळाशी एवढीशीही धडधड नसायची. तिथे सगळं अजून ठरायचं असायचं. मी शिक्षिका झालेय, मी लग्न होऊन अक्कलकोटला गेलेय, मी कुठेच गेलेली नाही, असं सगळं एकदमच. मग कॉम्प्रेसर कण्हायचा आणि मी दचकून उठायचे.

यंदा मॅडमच मागे लागल्या. देशात आता क्वांटमच्या नव्या प्रयोगशाळा उभ्या राहतायत, उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना काम शिकायला घेतात, राहण्याची सोय करतात, आणि आपल्याकडची पोरं अर्जच करत नाहीत म्हणून त्या चिडायच्या. मी चिप गार करणाऱ्या गटाकडे अर्ज केला. मुलाखतीत पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. मग मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं, थंडीवरच काम का करायचंय? म्हटलं, मी बर्फाच्या कारखान्यात वाढलेय. ते मनापासून हसले. आठवड्याभरात निवड झाल्याचा मेल आला. बेंगळुरू, मे आणि जून.

म्हणजे ऐन सीझन. मशीन रात्रंदिवस चालणार, आणि ऐकणार कोण? एखादा बिघाड अप्पांच्या लक्षात आला नाही तर मालकाला त्यांच्या कानांचं कळणारच. मी ठरवलं, नाही जायचं. कुणाला सांगितलं नाही. पण फार वाईट वाटत होतं. उत्तर कळवायच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी कारखान्यात उगाच डबे आपटत होते, तेव्हा अप्पांनी विचारलं, काय झालं. मग मशीनच्या आवाजावर ओरडून सगळं सांगितलं. जायची इच्छा किती आहे तेही सांगितलं, आणि का जाणार नाही तेही.

त्यांनी मला कॉम्प्रेसरपाशी नेलं, दोन बोटांनी कान बंद करायची खूण केली आणि माझा हात ओढून पाइपवर ठेवला. त्या बाजूचा कान मी खांद्यानं दाबला. तळव्याखाली पाइप थरथरत होता. त्यांनी वाल्व जरासा फिरवला. थरथर बदलली, चांगली कळेल इतकी. मी कान मोकळे केले.

"मला हे हातानंच कळतंय. पहिल्यापासनं."

"मग इतके उन्हाळे मला कशाला बसवलं हितं?"

अप्पांनी वाल्व फिरवून परत जागेवर आणला.

"घरी पत्रा लई तापतोय. हितं गार हाय. अभ्यास होतोय म्हनून."

मला हसावं की भांडावं कळेना. मग सरळ सांगायचं की, म्हणून मी त्यांच्यावर खेकसले.

"सांगितलं असतं तर आली असतीस व्हय?"

नसते आले. मी गोणपाटावर बसले आणि येते म्हणून मेल लिहायला घेतला. बोटं गारठली होती, डोळे भरले होते, एकेक अक्षर तीनदा चुकत होतं. अप्पा पाइपवर हात ठेवून उभे होते.