खबऱ्याचा रकाना

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भिलाईच्या आमच्या ठाण्यात संगणक आला. नारळ फुटला, भाषणं झाली. बोलणाऱ्यांपैकी एकालाही तो सुरू करता येत नव्हता.

चोरीच्या तक्रारींची यादी आता कोणालाही छापून मिळणार होती. अर्जावर हवे ते रकाने लिहायचे, ऑपरेटरने जसेच्या तसे टाइप करायचे. त्याच फाइलीत आमच्यापुरता एक रकाना होता : खबऱ्याचं नाव.

महिन्याभरात जवळच्या चरोदा गावचा चहावाला आला. रेल्वे यार्डातून लोखंड पळवणाऱ्यांची खबर त्यानेच दिली होती.

"साहब, उनको मेरा नाम मालूम है. दुकान बंद कर दूं?"

त्याला मी बायकोच्या गावी पाठवलं. नाव मला ठाऊक होतं आणि संगणकाला, म्हणजे ऑपरेटरला. ती गोंदियाकडची मुलगी. वरिष्ठांनी तिच्या निलंबनाचा कागद तयारच ठेवला.

"साहेब, मी कोणाले काही नाही सांगतलं. जे लिहून येते तेच टाइप करून राहिली मी."

खोटं बोलणारा तपशील वाढवत नेतो. ही तेवढंच बोलत राहिली. मी अर्जांचे गठ्ठे मागवले. तिसऱ्या दिवशी एक अर्ज सापडला. तारीख, ठिकाण आणि पुढे इंग्रजीत 'इन्फॉर्मर'; फाइलीत आमच्या रकान्याचं हेच नाव होतं. अर्जदार एका भंगारवाल्याचा मुनीम. त्याला बोलावून घेतलं.

"चोरी कहां की, साहब? अंदाज से लिखा, मशीन ने दे दिया."

दुर्दैवाने तो खरं बोलत होता. पुढे त्याच्याच जबाबावरून टोळी सापडली.

रजिस्टरं सांभाळणारे आमचे जुने हेड मोहर्रिर हसले. "पन्ना हमेशा हम पलटते हैं, साहब. मशीन ने रजिस्टर ही पब्लिक को थमा दिया."

वरिष्ठ म्हणाले, त्या शब्दावर बंदी घाला.

"आज हा शब्द, उद्या दुसरा," ऑपरेटर म्हणाली. "काय द्याचं तेच ठरवा ना, साहेब."

तिनेच प्रोग्राम बदलला. अर्जावर चार रकाने छापले, प्रत्येकाला क्रमांक. लोक क्रमांकावर खूण करत. रकान्याचं नाव प्रोग्राम स्वतःच्या यादीतून घेई. बाहेरचं अक्षर आत जातच नसे. परीक्षा म्हणून मी स्वतः 'इन्फॉर्मर' लिहून अर्ज दिला.

"तुमाले बी नाही भेटत."

"कावून?" मी तिच्याच बोलीत कारण विचारलं.

"यादीत नाही."

निलंबनाचा कागद मी त्याच दिवशी परत पाठवला. लोकांनी काय मागू नये, याची यादी कधी पुरी होत नाही. आपण काय द्यायचं, त्याची यादी चार ओळींत मावते. हे मला नोकरीच्या विसाव्या वर्षी कळलं.

थोड्याच दिवसांत चरोद्याचं दुकान उघडलं. मी गेलो तेव्हा चहावाल्याने ग्लास पुढे केला आणि हळूच म्हणाला, "साहब, यार्ड में एक नया ट्रक दिख रहा है."