भाता पाठीवर की काखेत

माझ्या अक्षराबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन्सिल सुटली ती सुटलीच. ऱ्हस्व-दीर्घ कुठे द्यायचे ते माझे मलाच कळत नाही, आणि ओळ डावीकडे नीट सुरू झाली तरी उजवीकडे चढाला लागते. ही वही कोणाला दाखवायची नाही. तरी कोणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घाला, आणि हसू आले तर हसा. मलाही लिहिताना येतेच आहे.

तेव्हा आम्ही अरबांच्या मुलखात, अल ऐनला होतो. हे एका कंपनीची गाडी चालवायचे, मी खोलीत बसून ब्लाउज शिवायची. खोली एका विलाच्या मागच्या अंगणात होती. पुढच्या विलात एक मॅडम राहायच्या. मूळच्या कॅनडाच्या, युनिव्हर्सिटीत शिकवायच्या, आणि उंच इतक्या की आमच्या दारातून आत येताना त्यांना मान तिरकी करावी लागे. त्यांना एकच नाद होता, तिरंदाजीचा. चाके लावलेले नवे यंत्रासारखे धनुष्य नव्हे, तर साधे लाकडाचे, पूर्वीच्या लोकांचे असे, आणि पिसे लावलेले लाकडी बाण. तिथे शिकारीला बंदी. म्हणून मॅडम दर शुक्रवारी सकाळी दोघा सोबत्यांबरोबर गावाबाहेरच्या वाळूत गवताच्या गठ्ठ्यांवर सराव करायच्या. खरी शिकार वर्षातून एकदा, रजेवर मायदेशी गेल्या की. हरणाची. ते मांस म्हणे त्यांचे घर वर्षभर पुरवून खाते.

एकदा ह्यांनी त्यांना आमच्या दारात आणले.

"अगं, मॅडमना चामड्याचा भाता शिवून हवाय. बाण ठेवायचा. येतो का तुला?"

मी दाराआड होते. मला आयुष्यात कोणीही 'येतं का' विचारले की मी मान हलवून नाही म्हणायची. त्या दिवशी तोंडातून "येतो" कसे गेले ते देव जाणे. मॅडम हसल्या, "शुक्रिया, भाभी," म्हणाल्या, आणि चामड्यासाठी साडेतीनशे दिरहम ह्यांच्या हातावर ठेवून गेल्या.

"साडेतीनशे!" हे म्हणाले. "म्हणजे चार हजार रुपये झाले की गं. जपून काप."

उंटांच्या बाजाराजवळ एक पठाण खोगिरे आणि पट्टे विकायचा. त्याच्याकडून चामडे आणले. आता भाता म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच भाता, कॅलेंडरमधल्या रामाच्या खांद्यामागचा. ताठ, गोल, चकचकीत. रामाचा भाता कधी वाकडा झालेला पाहिलाय का कोणी? मी आतून पुठ्ठा लावला, डिंकाने घट्ट चिकटवला, अकरा सुया मोडल्या, तोंडाला जरीची किनार लावली आणि तळाला लाल गोंडा. दोन दिवस मी त्या भात्यासमोर बसून स्वतःवरच खूश होते.

मॅडमनी तो पाठीला लावला, आठ बाण आत टाकले आणि अंगणात चार पावले चालल्या. खुळखुळ, खुळखुळ! जसे काही लहान बाळाला रमवायला निघाल्या आहेत. मग त्या फांदीखालून जाताना वाकतात तशा वाकल्या, आणि आठही बाण त्यांच्या कानावरून घरंगळून समोर वाळूत पडले. मॅडम तिथेच मांडी घालून बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. काहीतरी इंग्रजीत म्हणाल्या.

ह्यांनी मला सांगितले, "मॅडम म्हणतात, भाता फार सुंदर आहे. आवाज ऐकून हरीण दोन मैलांवरून बघायला येईल."

मी आत पळाले. चामडे पुठ्ठ्याला असे बसले होते की उसवले तरी फाटणारच. साडेतीनशे दिरहम. एका ब्लाउजचे मला पंधरा मिळायचे.

मॅडमनी निरोप पाठवला, 'नो प्रॉब्लेम, पैसे विसरून जा.' हे म्हणाले, "ती बाई नको म्हणतेय ना, मग गप बस." पण मला गप बसवेना. येत नसताना येते म्हणाले, ते मीच. दुसऱ्या कोणाच्या माथी मारायला जागाच नव्हती. ते पैसे फिटले नाहीत तर पुन्हा कधी कोणाला "येतो" म्हणण्याची माझी छाती झाली नसती.

महिनाअखेर मी पन्नासची नोट पाकिटात घातली आणि त्यांच्या दाराखालून सरकवली. संध्याकाळी ती आमच्या दाराखालून परत आली. मी पुन्हा नेली. ती पुन्हा आली. एकच नोट आठवडाभर अंगणातून ये-जा करत होती. एकदा तर दोघी एकाच वेळी वाकलो, मी त्यांच्या दाराशी बाहेरून आणि त्या आतून, आणि फटीतून पाकीट दोन्हीकडून ओढले गेले. मला इतके हसू फुटले की पदराचा बोळा तोंडात धरून मी पळत आले.

शेवटी त्यांनी ह्यांना बोलावून तह केला. पैसे घेईन, पण भाभीने शुक्रवारी आमच्याबरोबर यायचे आणि आम्ही बाण कसे बाळगतो ते डोळ्यांनी बघायचे.

मी गेले. ह्यांच्या पाठीमागे उभी राहिले. मॅडमबरोबर एक पांढऱ्या दाढीचे बाबा होते आणि एक हॉस्पिटलातली नर्स. पाच मिनिटांत कळले की बाण मारणे राहिले बाजूला, हे लोक बाण कुठे ठेवायचे यावरूनच भांडायला येतात. आपल्याकडे भाकरी थापायची की लाटायची यावरून जावा-जावा हटून बसतात ना, अगदी तसे. बाबांचा भाता पाठीवर, मऊ, पिशवीसारखा चेपणारा, त्यांच्याच वयाचा असावा. नर्सचे पाच बाण थेट धनुष्यालाच अडकवलेले. मॅडमचा भाता कमरेला, आणि चालताना तो गुडघ्यावर ठोकतो हे त्यांचे दुखणे.

ह्यांना भाषांतर करता करता धाप लागली.

"नर्सबाई म्हणते, बाबा, पाठीवरचा बाण काढायला तुम्ही हात डोक्यावर नेता, हरीण काय आंधळं आहे? बाबा म्हणतात, आणि तुझं ते धनुष्य आहे की कपडे वाळत घालायची दोरी? वारा आला की तुझी पिसं हरणाला टाटा करतात. नर्स म्हणते, निदान वाकल्यावर माझे सांडत नाहीत. बाबा म्हणतात, मी वाकतच नाही, माझी कंबर गेलीय."

मी हसले. मोठ्याने, परक्या माणसांपुढे! सगळे वळून बघायला लागले. मग काय झाले कोण जाणे, मी ह्यांच्या मागून पुढे आले आणि बाबांच्या भात्यात हात घालून तळाला काय आहे ते चाचपले. लोकरीचे कातडे होते, टोके वाजू नयेत म्हणून. आणि भाता मऊ का, तेही कळले. तो बाणांना कवेत धरतो, म्हणून ते एकमेकांवर आपटत नाहीत. एवढे साधे! कॅलेंडरमधल्या रामाला कोणी चालायला लावले नव्हते, म्हणून त्याचा भाता वाजत नव्हता.

"यल्ला, भाभी!" मॅडम म्हणाल्या, म्हणजे चल, लाग कामाला, आणि घरी करून बघायला सरावाचे सहा बोथट बाण माझ्या हातात दिले.

त्यानंतरच्या शुक्रवारच्या दुपारी मी जे केले ते आज लिहितानाही लाज वाटते. चामड्याला हात लावायच्या आधी कापडावर करून बघायचे ठरवले. ह्यांच्या जुन्या जीन पँटचा एक पाय कापला, तळ शिवला, पट्टा लावला. झाला भाता. आता हरीण हवे. हरीण पलंगावर झोपले होते. मटणाचा रस्सा आणि भात खाऊन, तोंड उघडे टाकून.

न्हाणीघरापासून पलंगापर्यंत सात पावले. एसीच्या घरघरीत परीक्षा खरी होणार नाही म्हणून मी एसी बंद केला.

पहिल्यांदा भाता पाठीवर. तिसऱ्या पावलाला बाणांची पिसे कपड्यांच्या दोरीत अडकली आणि दोन ब्लाउज माझ्या डोक्यावर आले. हरीण कूस बदलून पुन्हा घोरू लागले. मग भाता कमरेला. चौथ्या पावलाला तो मांडीवरून घसरला आणि शेगडीवरची पळी खाली आली.

"काय पडलं?"

"मांजर."

"आपल्याकडे मांजर कुठंय?"

"होती. गेली."

"आणि एसी का बंद?"

"मांजरीला गार वाजत होतं."

"बरं," म्हणाले आणि झोपले. मी जमिनीवर बसून पोट धरून हसत होते, आवाज न करता. त्याने जास्तच पोट दुखते.

तिसऱ्यांदा मी पट्टा डाव्या खांद्यावरून आडवा घेतला. भाता कमरेमागे तिरका बसला आणि पिसे उजव्या काखेखालून पुढे आली. गर्दीत पर्स काखेत दाबून धरतो तसा कोपराने दाबला. चालले. आवाज नाही. दोरीखालून वाकले. एक बाण सांडला नाही. हात वर न नेता, काखेतूनच एक बाण पुढे ओढला. सातव्या पावलाला पोचले आणि त्याच्या पिसांनी हरणाच्या नाकाला हळूच शिवले.

ह्यांनी डोळे उघडले. घामाने निथळत होते. समोर बायको, हातात बाण, काखेत पँटचा पाय.

"अगं, माझी पँट!"

मी पळाले. हे मागे. खोली केवढी, तीन फेऱ्यांत दोघेही दमून पलंगावर पडलो. ह्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "काखेत कळसा नि गावाला वळसा. साडेतीनशे दिरहम घालवून शेवटी बाईच्या पर्सवर आलीस होय?"

चामडे थोडे उरले होते. मऊ भात्याला तेवढे पुरले. आतून जुन्या साड्यांचे चार थर लावून गोधडीला घालतात तशी शिवण घातली. तळाला चांगले जाड रबर हवे होते, कारण शिकारीच्या बाणांची पाती कापडातून आरपार जातील.

"माझी एक स्लिपर कुठंय?" दुसऱ्या दिवशी हे ओरडले.

"कॅनडाला चाललीय."

"पँट झाली, स्लिपर झाली. आता मलाच कापून पट्टा कर!"

भाता बघायला मॅडमनी मला वाळूत उभे केले. मी हरीण, डोळे मिटून. आवाज आला तर हात वर करायचा. मी कान टवकारून उभी. वारा, लांब एक गाडी, बाकी काही नाही. मला वाटले, अजून निघाल्याच नाहीत. तेवढ्यात माझ्या खांद्यावर बोट टेकले आणि मी अशी किंचाळले की नर्सच्या हातातून धनुष्य पडले. मग मॅडमनी मला उचलले. खरोखर उचलले, दोन्ही हातांनी, आणि गोल फिरवले. मी 'अहो, अहो' करत होते आणि हे बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होते.

बाबांनी पाठीवरचा भाता काही सोडला नाही. "बदलायला मी आता म्हातारा झालो," म्हणाले. पण गोधडीचे अस्तर त्यांनाही हवे झाले, त्याचे साठ दिरहम दिले. ते मी मॅडमना दिले. नव्या भात्याच्या शिलाईचे ऐंशी त्यांनाच वळते करायला लावले. दरमहा पन्नासची अशी तीन पाकिटे तोवर गेली होतीच. उरले साठ.

ते चार ब्लाउजांचे आले तेव्हा मॅडमच्या रजेला दोन दिवस राहिले होते. हे ड्युटीवर होते. मी एकटीच गेले, मागच्या नाही, पुढच्या दाराने, आणि घंटी वाजवली. दार उघडल्यावर दाराआड व्हायला जागा नव्हती, बरेच झाले. नोटा पुढे केल्या. त्या न मोजताच खिशात घालायला लागल्या.

"नो," मी म्हणाले. माझे पहिले इंग्रजी. "काउंट."

त्यांनी एकेक नोट मोठ्याने मोजली. साठ झाले.

"खलास?" त्यांनी विचारले.

"खलास, मॅडम," मी म्हणाले. साडेतीनशे पुरते फिटले.