द्राजात सरांची एक ओळ

वेनिंगला संगणकाची स्मृती गावासारखी दिसायची. यंत्र सुरू झालं की अख्खं गाव अलगद उचललं जाई आणि धुक्यात नव्या जागी उतरे. घरांचा क्रम तोच, जागा मात्र रोज निराळी. चोरानं शोधावं तरी कुठे? इंडोनेशियातल्या सालातिगा गावच्या तंत्रशाळेत शिकवून उरलेल्या वेळात ती एवढंच करी. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या कर्नेलमध्ये, म्हणजे संगणकाच्या गाभ्यात, कोणती ओळ भोळेपणाने खरा पत्ता बोलून जाते ते हुडकायचं. एक घर सापडलं की चोर बाकीची मोजत जातो.

परवा सकाळी अशी एक बडबडी ओळ सापडली. जुना प्रिंटर जोडला की ती यंत्राच्या नोंदीत छापायची, 'तयार आहे', आणि पुढे खराखुरा पत्ता. लिहिणारा, द्राजात विबिसोनो. वेनिंगने नाव पुन्हा वाचलं. ते तिचे सर. पक्षाघाताने उजवा हात गेला तरी भेटेल त्याला ते या ओळीबद्दल सांगत. त्या एवढ्या पसाऱ्यात त्यांची ही एकच होती.

एक अक्षर काढलं की पत्त्याऐवजी बनावट आकडा छापला जाणार होता. पण रिवाज असा, की मूळ चूक कुणाची ते खाली लिहायचं, आणि ओळीवर नाव चढतं ते दुरुस्त करणाऱ्याचं.

दुपारी मर्बाबू डोंगरावरून धुकं उतरलं. सर पडवीत आल्याच्या पाण्यातलं गरम रोंदे पीत बसले होते. तिने सगळं सांगितलं.

"अकरा वर्षं बडबडतेय?" सर म्हणाले. "आणि तुला आत्ता ऐकू आली? बहिरी कुठली!"

"चूक कुणाची ते नाही लिहीत मी. कुणाला कळतंय?"

"लिही. विबिसोनोसकट लिही. वर्गात चूक लपवलीस तेव्हा बाकावर उभी केली होती, विसरलीस?"

"मग दुरुस्ती तरी तुम्ही करा, सर. ओळ तुमचीच राहील." तिने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला.

डाव्या बोटाने त्यांनी ते अक्षर पुसलं. मग दुरुस्त करणाऱ्याच्या जागी एकेक अक्षर शोधत नाव लिहू लागले. रोंदे निवून गेलं. वेनिंगने वाकून पाहिलं. तिथे 'वेनिंग पालुपी' होतं.

"आता बडबडली तर शिव्या तुला," सर म्हणाले.

वेनिंगला रडू आवरेना.