राख ओढणारा खडा

निजामी अमलातली गोष्ट. एका भाऊबीजेला मामाने आईच्या ताटात हिरवा खडा घातला. तुरमली म्हणतात त्याला. अंगठीत बसवून घे म्हणाला. मामा गेल्यावर आमच्याकडे राहणाऱ्या आत्याने तो उजेडात धरून नाक मुरडलं. खरी तुरमली तापवली की राख ओढते, असं तिने कुठंतरी ऐकलं होतं.

मग परीक्षा झाली. आत्या सोवळ्याची एवढी पक्की, की बाजारातली वस्तू धुतल्याशिवाय चुलीजवळ जायची नाही. चूलही नुकतीच सारवलेली, ओली. तिथेच धुतलेला ओला खडा तापवून राखेवर धरला. राख ढिम्म हलली नाही. आत्याने काच ठरवली, आणि मामा आमच्या घरात खोटारडा झाला. त्या सोवळ्याचा मला अजून राग येतो.

आईने खडा पुरचुंडीत बांधून ठेवला. पुढच्या भाऊबीजेला मामा आला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. आई ताट मांडून वाट बघायची आणि शेवटी चंद्राला ओवाळायची.

एका उन्हाळ्यात जवळा बाजार या गावी ती मला घेऊन नगिने विकणाऱ्या चाचांकडे गेली. परीक्षा कशी केली, ते त्यांनी आधी विचारून घेतलं. मग कोरडा खडा शेगडीवर जरासा तापवला आणि बांबूच्या चिमट्यात धरून राखेवर निवू दिला. राखेचे कण उडून त्याला चिकटले. मी टाळ्याच वाजवल्या. तापताना नि निवताना अशा खड्यांत वीज येते, तसल्याच स्फटिकांनी यंत्रं उष्णता ओळखतात, हे मी फार पुढे वाचलं. तेव्हा आमच्या गावात विजेची तारसुद्धा नव्हती.

"असली हाय बाई," चाचा म्हणाले. "ओला केला की याची ताकद जाते."

आईने गड्याला सांगून बैलगाडी घराऐवजी हट्ट्याला, माहेरी वळवली. मामा अंगणात दोर वळत बसला होता. तिने खडा त्याच्यापुढे ठेवला.

"असलीच हाय रे. काहून आला न्हाईस?"

मामाने मान वर केली नाही. "काच निघाली म्हणून कानावर आलं, अक्का. मलाबी वाटलं, विकणाऱ्यानं फसवलं आसंल. कोणत्या तोंडानं येऊ?"

"काच आसती तरी ताट मांडलंच होतं की मी," आई म्हणाली, आणि डोळे पुसत तिने भर उन्हाळ्यात त्याला ओवाळायला पाटावर बसवलं.