कुरवानं शिवलेला पिंड

आईच्या दहाव्याला आम्ही गावाबाहेरच्या पायवाटेनं उजनीच्या पाण्याकडे निघालो. मी, धाकटा भाऊ, आमचे चुलते तात्या, भटजी आणि भावकीतली चार माणसं. थंडीचे दिवस. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळात शेकाट्या लांब लाल पायांवर फिरत होत्या, चित्रबलाक चोची बुडवून उभे होते, आणि पल्याड रोहित पक्ष्यांची फिकट गुलाबी ओळ. हे बघायला पुण्याहून माणसं गाड्या करून येतात. मी बारामतीत एमआयडीसीत नोकरीला. एवढ्या जवळ राहून या वाटेनं कित्येक वर्षांत चाललो नव्हतो. सगळं दिसत होतं. आत काही होत नव्हतं. भादरलेल्या डोक्याला वारा लागत होता, एवढंच.

खरं तर आईची क्रिया धाकट्यानं करायची. पण आमचा धाकटा चाळिशीचा झाला तरी शर्टाची बटणं त्याला दुसऱ्यानं लावावी लागतात. आई लावायची. तिचा जीव कशात अडकणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

पिंड ठेवले. कावळे बाभळीवर बसून होते, खाली येईनात.

"कावळं बी आता बिस्किटं खात्यात," कुणीतरी म्हणालं.

तात्या माझ्या कानाशी आले. "बोल की रं. ह्याला मी संभाळीन म्हन. तेवढ्यासाठी थांबलीया ती."

मी हात जोडले. तोंड उघडलं नाही. आई दवाखान्यात होती तेव्हाच मी पुण्याकडच्या एका संस्थेत त्याच्यासाठी जागा बोलून ठेवली होती. बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तिथं खोटं बोलायची छाती झाली नाही, आणि खरं बोलायचीही.

धाकटा कंटाळला. पर्यटकांना फोटो मिळावेत म्हणून नाववाले पाण्यावरच्या पांढऱ्या कुरव पक्ष्यांना शेव टाकतात. त्यांच्या मागं फिरून हा त्यांची हाक शिकला होता. हात वर करून त्यानं "आऽव, आऽव" सुरू केलं. कुरवांचा थवा डोक्यावर आला. एकानं झेप घेऊन पिंडाचा घास उचलला.

"घेतला! आईनं घेतला!" धाकटा उड्या मारायला लागला.

सगळे भटजींकडे बघत राहिले. "पाखरू ते पाखरू," तात्याच म्हणाले. "गावात मातुर कावळाच म्हना." माणसं हसली, चपला शोधायला लागली. आई सुटली की नाही, कोण जाणे. मी सुटलो.

परतताना तात्यांनी विचारलं, "बोलला का न्हाईस?"

"त्याला संस्थेत ठेवणार आहे. तेराव्यानंतर."

तात्या वाटेतच थांबले. "मग हात जोडून कशाला हुबा व्हतास?"

"कुणीतरी शिवायची वाट बघत होतो."

"त्याला तूच सांग. मी न्हाय सांगनार."

धाकटा पुढं शेकाट्यांच्या मागं पळत होता. त्याला गाठून सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"तितं बटनं कोन लावंल?"

"असतील माणसं."

"तू येनार?"

"राहायला नाही."

मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. रस्ता लागेपर्यंत तो माझ्या मागून चालत आला, आणि एकदाही पक्ष्यांना हाक मारली नाही.