बुडालेल्या वावराचा फोटो

माही बायको गेल्या पोळ्याच्या आंधी गेली. तिचा फोटो घरात एकही नाही. आहे तो तिच्या बापाच्या वावराचा, अन् त्यात मले काही दिसत नाही.

आमचं लग्न तवा नवंच होतं. केनवडच्या पल्याड तिच्या बापाचं वावर होतं, ते सरकारी तलावात जानार होतं. तलावाची भिंत बांधून झाली होती. पावसाचं पानी साचलं की सगळं खाली. तिनं एकच धरून ठेवलं, "अजी, बुडाच्या आंधी त्याचा फोटो काढा."

मी म्हनलं, "फोटो मान्साचा काढतात. मातीचा कोन काढते?"

ती माह्यासंगं बोलेचना. शेवटी वाशीमच्या एका फोटोवाल्याले अन् तिले बैलबंडीत बसवून घेऊन गेलो.

आभाळ गच्च. त्यानं तीन पायाचा कॅमेरा मांडला, काळ्या फडक्यात डोस्कं घातलं, बाहेर काढलं, वर पाह्यलं. लय वेळ त्याचं असंच चाललं.

"भाऊ, ऊन नाही त सावली नाही," तो म्हने. "सावलीबिगर ढेकूळ अन् झाड सारखंच येते. आभाळ धरलं त जमीन काळी, जमीन धरली त आभाळ पांढरं फटक."

"मंग काय कराचं?"

"वाट पाहाची."

सासरा बांधावर तंबाखू मळून राह्यला होता. म्हने, "जवाईबापू, ढग काय बैल हाय हाकलाले?"

दुपार टळली. उन्हाची तिरीप समोरच्या टेकडीवर आली अन् तिथूनच परत गेली. मंग थेंब पडाले लागले. फोटो जिच्यावर उमटते ते काच फोटोवाल्यानं एकच आनली होती. तिले म्हने, "बाई, तुमी तरी मधात उभ्या राहा. तोंड त येईन."

"माह्या तोंडाचं काय? मले इहीर पाह्यजे, बोरीचं झाड पाह्यजे."

अन् ती कॅमेऱ्याच्या मांगं माह्याजवळ येऊन उभी राह्यली.

उजेड कमी म्हनून त्यानं कॅमेऱ्याचं झाकन लय वेळ उघडं ठेवलं. तेवढ्यात वारा सुटला. बोर हालली. "गेलं," तो म्हने.

फोटो आला त वर राख अन् खाली कोळसा. पन ती त्यावर बोट फिरवे, "ही इहीर. ही बोर. इथं बाबा बसले होते." मी हो म्हनो. त्याच साली तिथं पानी भरलं. घरी पाव्हना आला की ती त्याले फोटो दाखवे, जल्मभर.

आता सून विचारते, "मामाजी, यात काय हाय?" मी चष्मा बदलून पाह्यला. पोरानं फोटो स्टुडिओत नेला. तिथला मानूस म्हने, तवाच उजेड नव्हता, आता आमी काय करनार.

तिच्या बोटानं एका जागी कागद घासून पांढरा पडला. बोट ती तिथूनच सुरू करे, तेवढी जागा मले समजते. तिथं बोट ठेवतो अन् सुनेले सांगतो, ही इहीर. बोर कोन्या बाजूले होती, ते विचारावं त कोनाले?