भिंतीला न घासलेले वळण

बावतीस गेल्याची बातमी त्याच्या पत्नीने, कात्रीनने, मला दुपारी फोनवर दिली. "भाऊ, हा गेला," एवढेच ती बोलली. फोन बंद करायचे तिला सुचले नसावे, कारण मग बराच वेळ पलीकडून अंगणातल्या कोंबड्यांचाच आवाज येत राहिला... मी त्यांच्या गावी, पापडीला, पोहोचलो तेव्हा त्याला बागेतून नुकते घरात आणले होते. वाकलेल्या केळीला बांबूचा टेकू देण्यासाठी तो काठी टेकत गेला, दमला म्हणून विहिरीच्या कट्ट्यावर बसला आणि बसल्या जागीच संपला. हा तपशील मी मुद्दाम नोंदवतो आहे, कारण अंत्यविधीच्या दिवसापासून गावात वेगळीच कहाणी फिरते आहे. म्हातारा टीव्हीवर गाड्या पळवता पळवता गेला, असे सांगितले जाते, आणि सांगणारा गालातल्या गालात हसतो. टीव्ही बंद होता. त्यावर कात्रीनचे विणलेले झाकण होते. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आमची ओळख न्यायालयातली. मी वसईत वकिली करून म्हातारा झालो; बावतीस बागायतदार, आणि स्वतःच्या टेम्पोतून केळी, भाजी बाजारात नेणारा. त्याच्या टेम्पोने आपली कुंपणाची भिंत पाडली, असा दावा एका शेजाऱ्याने लावला होता. आमच्याकडच्या आळ्या किती अरुंद आहेत हे ज्याने पाहिले आहे त्याला कळेल की, इथे भिंत घासणे म्हणजे नुसते सिमेंट खरवडणे नव्हे. त्यातून उठलेले भांडण नातवंडांच्या लग्नपत्रिकांपर्यंत टिकते. मी कागदपत्रे जुळवत होतो, तर हा मला म्हणाला, "वकील, कागद राहू द्या. सगळ्यांना आळीत बोलवा, मी टेम्पो काढून दाखवतो." आणि त्याने दाखवला. घडांनी भरलेला टेम्पो दोन भिंतींमधून असा नेला की वादी स्वतः बाजूला झाला. दावा मागे घेतला गेला. पुढे आयुष्यभर तो मला 'वकील'च म्हणाला आणि मी त्याला, सगळे गाव म्हणते तसे, बावतीस.

काही वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या पायावरून वारे गेले आणि डॉक्टरांनी टेम्पो बंद केला. पुतण्या ग्लेन संगणकाच्या नोकरीत आहे. त्याने आपले जुने गेमचे यंत्र काकाच्या टीव्हीला जोडून दिले. शहरातल्या रस्त्यांवरच्या शर्यतीचा तो खेळ. तो गेल्याला महिना झाल्यावर चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, झाला; त्या वेळी एका वक्त्याने, बावतीस शेवटी शेवटी लहान मूल झाला होता, असे प्रेमाने सांगितले. प्रेम मान्य, विधान अमान्य. मी रोज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसत होतो आणि लहान मूल एखादी गोष्ट अशा शिस्तीने शिकताना मी पाहिलेले नाही. पहिल्या महिन्यात त्याने शर्यत लावलीच नाही. रिकाम्या रस्त्यावर एकेक वळण घेऊन पाहिले. "मागे घड असताना वळणात ब्रेक दाबला की घड पुढे येतात," तो मला समजावी. "ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. वळणात फक्त चाक. बाहेरून शिरायचे, आतल्या कोपऱ्याला टेकल्यासारखे करायचे, परत बाहेर निघायचे." खेळात एक बटण दाबले की गाडी उसळी मारते, त्याला नायट्रो म्हणतात. पोरे ते वळणातच दाबतात आणि मग फिरत फिरत दुकानात शिरतात. बावतीस चाक सरळ होईपर्यंत त्याला हात लावीत नसे. पुढच्या गाडीकडे बघू नये, तिच्या ब्रेकच्या दिव्यांकडे बघावे, हेही त्याचेच सूत्र. गेल्या नाताळात गावातल्या तरुणांच्या स्पर्धेत बंदराच्या रस्त्यावरची सर्वांत कमी वेळ त्याने नोंदवली, आणि ती अजून यंत्रात सर्वांत वर आहे.

वाद या वेळेवरून पेटला. मिस्सेनंतर जेवताना ग्लेन आपल्या मित्रांना म्हणाला, "अंकलने वॉल-राइड मारलं होतं यार, दुसरं काय." वॉल-राइड म्हणजे वळणात वेग जराही कमी न करता गाडी भिंतीला टेकवायची आणि घासत पार न्यायची, खऱ्या गाडीचा चुराडा होईल, खेळातली वेगाने बाहेर पडते. या वर्षीपासून स्पर्धेत असे वळण बाद धरणार आहेत, आणि म्हणून जुनी वेळ पुसून नव्याने सुरुवात करायची, असे तरुणांनी ठरवले होते.

मी ताट बाजूला ठेवले. "पुरावा?"

"काका, त्या शेवटच्या वळणावर आम्ही सगळे मेलोय. भिंतीला टेकल्याशिवाय ती वेळ निघतच नाही."

"मी तिथे होतो."

"तुम्ही पेपर वाचत होता," ग्लेन म्हणाला आणि टेबल हसले.

मी पेपर वाचत होतो, हे खरे. परंतु पेपर वाचणाऱ्याचे कान बंद नसतात. त्या खेळात भिंत घासली की पत्रा ओढल्यासारखा आवाज येतो. ग्लेन खेळत असताना तो आवाज अंगणात ऐकू येई. बावतीसच्या हातून तो मी एकदाही ऐकला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या कुंपणाला खरचटू दिले नाही, त्याला मेल्यावर भिंत घासणारा ठरवणे मी सहन करणार नव्हतो. पण ऐकलेला आवाज पुरावा होतो. न ऐकलेला आवाज कोण मानणार? ज्याने टेम्पो काढून दाखवला, त्याच्या बाजूने बोलायचे तर वळण काढूनच दाखवावे लागणार होते. मी तसे जाहीर केले. कोणीतरी विचारले, "काका, चष्मा कुठला लावणार, जवळचा की लांबचा?"

दुसऱ्या दिवसापासून मी बावतीसच्या खुर्चीत बसू लागलो. हातात कंट्रोलर; उजव्या बोटाखाली वेग, डाव्या बोटाखाली ब्रेक, डाव्या अंगठ्याखाली चाक. साध्या गोष्टी आहेत असे वाटते; आहेत असे नव्हे. आठवडाभर मी बंदरातली क्रेन, फळांच्या गाड्या आणि एक पोलीस चौकी यांना धडका दिल्या. हळूहळू रस्ता हाताशी आला, पण शेवटचे वळण येईना. ब्रेक दाबला तर वेळ जाई. न दाबला तर भिंत. बोट थोडे उचलून पाहिले, अर्धे उचलून पाहिले... एका संध्याकाळी तर मला ग्लेनचे म्हणणे खरे वाटू लागले, आणि त्या विचारानेच मी संतापून उठलो.

कात्रीन दारात बोंबील निवडत बसली होती. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही हात का नाही काढत?"

"कुठला हात?"

"उजवा. तो काढायचा. त्या देवळाशी."

मग माझ्या ध्यानात आले. वळणाच्या थोडे आधी त्या परक्या शहरात एक चर्च लागते, दोन मनोऱ्यांचे. टेम्पो चालवताना वाटेत देऊळ लागले की बावतीस क्रुसाची खूण करी. कपाळ, छाती, एक खांदा, दुसरा खांदा. तीच सवय खेळात आली. "मी ओरडायचे त्याला," कात्रीन म्हणाली, "टीव्हीतल्या देवळाला कसली खूण करतोस? तर म्हणायचा, देऊळ ते देऊळ." उजवा हात कपाळाकडे गेला की वेगाचे बटण सुटते. ब्रेक लागत नाही, पण गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि तोंड आपोआप वळते. हात दुसऱ्या खांद्यावरून परत येईतो भिंत मागे पडलेली असते.

मी ना त्याच्या धर्माचा, ना माझ्याही धर्माचा फारसा. म्हणून प्रथम मी मनात अंक मोजून बोट उचलले. जमले नाही, कधी लवकर, कधी उशिरा. शेवटी संकोच सोडला आणि देवळापाशी खूण केली, पूर्ण केली. गाडी वळली. पत्र्याचा आवाज आला नाही. मी पुन्हा केले, पुन्हा वळली. कात्रीन बोंबील तसेच टाकून आत येऊन उभी राहिली होती.

रविवारी ग्लेन आणि त्याचे तीन मित्र आले. मी चष्मा पुसला आणि वळण त्यांच्यासमोर लागोपाठ काढले. माझी एकूण वेळ दयनीय होती, ते मी नाकारीत नाही. पण वाद वेळेचा नव्हता, वळणाचा होता. मग ग्लेन म्हणाला, "काका, फादरना बाप्तिस्म्याची तारीख विचारू का?" आणि कंट्रोलर माझ्या हातातून घेतला. त्याने हल्लीच्या मुलांसारखी छातीवरून माशी हाकलल्यागत खूण केली. गाडी भिंतीवर गेली.

"खांदे राहिले," कात्रीन म्हणाली. "पुरी कर."

तो पुन्हा निघाला. या वेळी हात सावकाश कपाळावर गेला, छातीवर आला, दोन्ही खांद्यांना लागला. वळणातून तो माझ्यापेक्षा कितीतरी वेगाने बाहेर पडला आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून पडद्याकडे पाहत राहिला. "अंकलने खरंच काढलं होतं," तो मित्रांना म्हणाला. मग मला म्हणाला, "काका, पण आता हे सगळ्यांना कळणार. अंकलचं रेकॉर्ड या नाताळात मोडणार."

"मोडा," मी म्हणालो. "पुसायचे मात्र नाही."

वेळ पुसली गेलेली नाही. स्पर्धा अजून व्हायची आहे, आणि सराव बावतीसच्याच ओटीवरच्या खोलीत चालतो, कारण त्याचे यंत्र हलवू द्यायला कात्रीन तयार नाही. संध्याकाळी मी पेपर घेऊन जातो. राजोडीचा एक कोळ्याचा मुलगा येतो, वालीवच्या कारखान्यातला एक उत्तर प्रदेशचा कामगार येतो. दोघांचाही क्रुसाशी संबंध नाही. रस्ता संपत येतो, दोन मनोरे दिसू लागतात, आणि खुर्चीत जो कोणी बसला असेल त्याचा उजवा हात कपाळाकडे जातो... मी पेपर खाली घेत नाही. ऐकत राहतो. आवाज येत नाही.